स्कूटरचा व्हेरिएटर लावून सायकलला बिनपायऱ्यांचा गिअर करता येईल का? (धुळे, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट)

भाऊ, भंगारातला व्हेरिएटर (पट्टा आणि रुंद-अरुंद होणाऱ्या पुल्यांचा स्कूटरचा आपोआप बदलणारा गिअर) जसाच्या तसा लावलात तर हलणारही नाही. त्यातले रोलर केंद्रापसारी बलाने सरकतात, त्याला हजारांत आरपीएम लागतात. पेडल मिनिटाला फिरतं 60 ते 80 वेळा. टॉर्कचं, म्हणजे फिरवण्याच्या जोराचं, गणित तर उलटंच: 70 किलोचा गडी 17 सेंटिमीटरच्या क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) उभा राहिला की सुमारे 117 न्यूटन-मीटर, 110 सीसीच्या स्कूटरचं इंजिन देतं जेमतेम 9. लळिंगच्या चढाला पट्टा घसरणारच.

करायचंच असेल तर आधी चेनने मधल्या शाफ्टचा वेग चौपट करा, म्हणजे टॉर्क चौथाईवर येतो. रोलर काढून टाका आणि पुलीची तबकडी हाताने सरकवा. त्यासाठी आट्यांचा स्क्रू बरा, ब्रेकच्या वायरीत तेवढा दम नाही.

बाजारातला नुविन्ची हब (चाकाच्या मध्यात बसणारा बिनपायऱ्यांचा गिअर, आताचा एनव्हिओलो) पट्टा वापरतच नाही. दोन तबकड्यांमध्ये पोलादी गोळे, त्यांचा आस कलला की गुणोत्तर बदलतं; जोर पोचतो तो तेलाच्या पातळ थरातून. छान चालतो, पण वजन दोन किलोंच्या वर आणि साध्या चेनपेक्षा ताकद जास्त खातो. व्हायव्हात हेच विचारतील, तेव्हा कार्यक्षमता मोजून ठेवा.