जुनी स्प्लेंडर घेतली आणि मेकॅनिक म्हणतो ‘इंजिन बांधावं लागेल’. आधी काय करून घ्यावं?

प्रश्नात तुम्ही दिलेली माहिती आधी थोडक्यात मांडतो. गाडी २०१० ची स्प्लेंडर प्लस, किकची, नाशिकच्या पंचवटीतून घेतलेली आणि वर्षभर उभी असलेली. सकाळी आठ-दहा किका लागतात, सुरू होताना थोडा धूर येतो, हेडमधून टिकटिक ऐकू येते आणि दोघं बसून अंजनेरीकडे निघालं की गाडी ओढत नाही. मेकॅनिकने बोअर-पिस्टन, म्हणजे सिलिंडर मोठा करून नवा पिस्टन बसवायला सांगितलं आहे.

माझं उत्तर असं: अजून होकार देऊ नका. हे ९७ सीसीचं इंजिन सहजासहजी बसत नाही. वर्षभर उभ्या गाडीत पिस्टनच्या कितीतरी आधी पेट्रोल, रबर, केबली आणि ब्रेक खराब होतात. तुमच्या चारही तक्रारींना बोअरपेक्षा स्वस्त कारणं असू शकतात आणि ती तपासायला इंजिन उघडावं लागत नाही. फक्त क्रम पाळा. एकदम चार गोष्टी बदलल्या तर नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही.

सुरुवात चाकांपासून करा. गाडी मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवा आणि सोडा. ते दोन-तीन फेरे मोकळं फिरायला हवं. खरखरत लगेच थांबलं तर ब्रेक धरतोय. उभ्या गाडीत ब्रेकचा कॅम गंजून अडकतो, पायडल सोडलं तरी लायनर (ब्रेकचं घासणारं अस्तर) ड्रमवरून पूर्ण सुटत नाही. मग इंजिनची अर्धी ताकद ब्रेक ओढण्यातच जाते आणि दोष पिस्टनवर येतो. चाक उतरवा, ड्रममधली धूळ ओल्या फडक्याने पुसा (फुंकू नका, ती नाकात जाऊ नये), कॅम काढून पॉलिश पेपरने घासा, त्याच्या दांड्याला अगदी थोडं ग्रीस लावून परत बसवा. लायनर काचेसारखे चकचकीत झाले असतील तर घासून चालतील, पण ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाहेरचा बाण खुणेपर्यंत पोचत असेल तर नवेच घाला. ड्रमचा कमाल व्यास ड्रमवरच कोरलेला असतो. त्यापुढे झिजला असेल तर नवे लायनरही नीट धरणार नाहीत. पुढच्या चाकालाही हेच सगळं करा.

चेन वरच्या बाजूला नाही, खालच्या बाजूला मध्यावर मोजा: २० ते ३० मिमी ढील. चाक फिरवत चार ठिकाणी बघा. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबती असेल तर चेन ताणली गेली आहे. अशा वेळी चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला. झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते. टायरवर चार आकडी शिक्का शोधा. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही शिल्लक असली तरी कडेला बारीक भेगा असतील तर तो टायर पावसात भरवशाचा नाही. हवा पुढे २५, मागे एकट्याला २८ आणि दोघांना ४१ पौंड. मागे २८ वर दोघं बसून फिरलात तरी गाडी जड लागतेच.

आता पेट्रोल, कारण आठ-दहा किकांचं मूळ बहुतेक इथेच सापडेल. टाकीतलं जुनं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढा आणि अर्धा तास ठेवा. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि ते प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल-पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं. बाटलीत खाली वेगळा थर दिसला किंवा वार्निशसारखा आंबट वास आला तर ते पेट्रोल पुन्हा वापरू नका. टाकीत टॉर्च मारून गंज बघा. २०१० ची गाडी ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलसाठी बनलेली नाही, त्यामुळे पेट्रोलचा पाइप, कार्ब्युरेटरचा ओ-रिंग आणि फ्लोट निडलचं टोक ही रबरं फुगलेली किंवा कडक झालेली आढळतात. ती बदलून टाका. टाकीखालच्या पेट्रोल कॉकची जाळीही धुवा.

कार्ब्युरेटर उघडला की मेन जेट आणि स्लो जेट दोन्ही बाहेर काढून स्प्रे मारा, आणि उजेडाकडे धरून भोकातून आरपार दिसतं का ते बघा. स्लो जेटचं भोक केसाएवढं असतं. चोक ओढल्याशिवाय गाडी सुरू न होणं, स्लोवर (रेस सोडल्यावर) बंद पडणं, हे सगळं त्या एका भोकामुळे होऊ शकतं. त्यात तार खुपसू नका, भोक मोठं झालं तर ॲव्हरेज कायमचं बिघडेल. मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवा, मग दीड ते दोन फेरे मागे घ्या. इंजिन गरम झाल्यावर, सर्वांत सफाईदार स्लो जिथे मिळेल तिथे तो ठेवा. स्लो साधारण १४०० आरपीएम. गाडी स्लोवर असताना कार्ब्युरेटर आणि हेडमधल्या जोडावर थोडा कार्ब क्लीनर मारा. आवाज बदलला तर तिथून हवा शिरते आहे. सायलेन्सर तापलेला असतो, म्हणून स्प्रे जपून मारा.

एअर फिल्टर फोमचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, इंजिन ऑइलचे थेंब देऊन पिळून बसवा. पेपरचा तेलकट फिल्टर असेल तर तो धुवायचा किंवा हवेने झटकायचा नसतो, सरळ बदलायचा. प्लग १६ च्या पान्याने काढा. टोक कोरडं काळं असेल तर पेट्रोल जास्त जातंय, ओलं तेलकट असेल तर ऑइल वर येतंय, बिस्किटी रंग असेल तर सगळं ठीक. नवा प्लग घेतलात तरी गॅप ०.६ ते ०.७ मिमी आहे का ते फीलर गेजने (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा.

टिकटिक आवाजासाठी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या टोकाचे, गॅप लावायचे स्क्रू. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं, गरम इंजिनवर लावलेले टॅपेट चुकीचेच लागतात. हेडवरची दोन्ही टॅपेट झाकणं आणि डाव्या कव्हरवरच्या दोन्ही टोप्या काढा. मॅग्नेट डावीकडून पाहून घड्याळाच्या उलट फिरवत ‘टी’ खूण कव्हरवरच्या खाचेसमोर आणा. या जागी दोन्ही रॉकर हाताने किंचित हलले पाहिजेत. एखादा घट्ट असेल तर तुम्ही चुकीच्या स्ट्रोकवर आहात, आणखी एक पूर्ण फेरा द्या. गाडीच्या पुस्तिकेतला गॅप बघा. या इंजिनात तो मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असतो, म्हणून अंदाजाने लावू नका. फीलरची पट्टी किंचित अडकत सरकली पाहिजे. नट आवळताना मधला स्क्रू फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. आवाज येतो म्हणून टॅपेट जास्त टाइट करून देणं ही सर्रास होणारी आणि वाईट चूक आहे. आवाज जातो, पण व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि काही महिन्यांत व्हॉल्व्ह जळतो. किंचित टिकटिक चालेल, टाइट टॅपेट चालणार नाही.

टॅपेट बरोबर असूनही आवाज राहिला तर टायमिंग चेनकडे (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या, इंजिनच्या आतल्या चेनकडे) वळा.

पिकअपचा आणखी एक चोर म्हणजे क्लच. मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ३० च्या वेगाला एकदम रेस द्या. आवाज चढला आणि वेग मागेच राहिला तर प्लेटा घसरतायत. त्याआधी क्लचच्या दांडीला १० ते २० मिमी मोकळी हालचाल आहे का बघा. केबल ताणलेली असेल तर चांगल्या प्लेटाही घसरतात. आधीच्या मालकाने कारचं ऑइल घातलं असेल तरीही हेच होतं, कारण या गाडीचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. डब्यावर १०डब्ल्यू-३० (जाडी) आणि जासो एमए (ऑइलमधल्या क्लचला चालणारं) लिहिलेलं ऑइल घ्या.

ऑइल इंजिन गरम करून १७ च्या पान्याने खालचा बोल्ट उघडून काढा, वॉशर नवा घाला. आधी ८०० मिली ओता, मग दांडी बघत थोडं थोडं वाढवा. दांडी आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची, गाडी मेन स्टँडवर सरळ हवी. या इंजिनात पेपरचं ऑइल फिल्टर नसतं. उजव्या कव्हरच्या आत एक जाळी आणि फिरतं सेंट्रिफ्युगल फिल्टर असतं. वर्षानुवर्षं कोणी ते उघडत नाही आणि आत काळा गाळ साचतो. या खेपेला कव्हर उघडून दोन्ही साफ करून घ्या, गॅस्केट नवं घाला, क्लचप्लेटाही तेव्हाच बघून होतील. पहिलं ऑइल ५०० किलोमीटरनंतर पुन्हा बदला.

निघालेलं ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलं आहे. गाडी पंचवटीतली आहे म्हणून मुद्दाम सांगतो: गोदाघाटावर उभ्या गाड्या पुरात सापडतात. हेडलाइटच्या मागे, मीटरमध्ये, एअर फिल्टरच्या डब्याच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ आहे का बघा. तसा असेल तर चाकांचे बेअरिंग, कोनसेट (हँडलचे बेअरिंग) आणि वायरिंगचे सगळे कपलर (जोड) उघडावे लागतील. गाडी द्राक्षबागेत फिरलेली असेल तर बॅटरीखालचा भाग आणि मडगार्डची आतली बाजू नीट पाहा. फवारणीतलं मोरचूद सांडलं की लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही खातं.

किकची स्प्लेंडर बॅटरी मेली तरी चालू होते, त्यामुळे गाडी चालू झाली म्हणजे बॅटरी चांगली असं समजू नका. बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि रेस दिल्यावर १३.५ ते १४.५ मिळायला हवेत. कोनसेटसाठी पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मध्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं तर तो गेला.

कागदांचं एकच: २०१० च्या गाडीची नोंदणीची १५ वर्षांची मुदत २०२५ मध्ये संपते. नूतनीकरणाला फॉर्म २५, पर्यावरण कर आणि गाडीची तपासणी लागते, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. म्हणून ब्रेक, लाइट, हॉर्न, नंबरप्लेट आधी नीट करा, पीयूसी काढा आणि मगच पेठ रोडला आरटीओत गाडी न्या.

एवढं झाल्यावर १००-१५० किलोमीटर चालवा आणि मग इंजिनचा निवाडा करा. धूर सकाळी सुरू करताना क्षणभर निळसर येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्ह सील गेली आहेत. त्याला फक्त हेड उतरवावं लागतं, बोअरला हात लावायचं कारण नाही. रेस देताना सतत निळा धूर आणि ऑइलची पातळी झपाट्याने खाली, हे पिस्टनच्या रिंगा झिजल्याचं लक्षण. खात्रीसाठी कॉम्प्रेशन गेज लावायला सांगा: इंजिन गरम, रेस पूर्ण उघडी, पाच-सात जोरदार किका. आकडा लिहून ठेवा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वाढला तर रिंगा-सिलिंडर झिजलेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह गळतायत. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, त्यामुळे इथे आकडा मुंबईपेक्षा थोडा कमीच येतो. दोन वाचनांमधला फरक महत्त्वाचा.

आणि खरंच रिंगा गेल्या असतील तर काम करून घ्याच, पण बोअर मायक्रोमीटरने मोजून घ्या, नुसतं बोट फिरवून नव्हे. मूळ बोअर ५० मिमीचा आहे. ०.२५ मिमी मोठ्या (ओव्हरसाइझ) पिस्टनवर भागत असेल तर ०.५० वर जाऊ देऊ नका, पुढच्या वेळची जागा शिल्लक राहते. पिस्टन, रिंगा, पिन, सर्क्लिप एकाच कंपनीच्या संचातले घ्या आणि काढलेले जुने भाग घरी घेऊन या.