ब्लूगिल पॉपरवर झडप घालतो, पण लागत का नाही?

प्रश्न: आम्ही अमेरिकेत असतो, इथे मित्राच्या जागेत त्याचं स्वतःचं एक तळं आहे, आधीच्या मालकाने त्यात ब्लूगिल आणि बास हे गोड्या पाण्यातले मासे सोडले होते. मी नवीनच फ्लाय फिशिंग (किड्यासारखं हलकं नकली आमिष लावून मासे धरणं) शिकतोय. पॉपर (पाण्यावर तरंगणारं, रबरी पायांचं नकली आमिष) टाकला की मासे फटाफट वर येतात, पाणी उडवतात, पण गळाला लागतच नाहीत, आणि जे लागतात ते सगळे बोटभर! बास लागला की आम्ही खायला ठेवतो, ब्लूगिल परत सोडतो. चुकतंय कुठे?

उत्तर: दोन गोष्टी चुकतायत आणि दुसरी जास्त मोठी आहे, पण आधी पॉपरचं बघू. ब्लूगिल अंगाने रुंद असला तरी त्याचं तोंड एवढंसं असतं, त्यामुळे बाससाठीचा पॉपर त्याच्या तोंडात मावतच नाही, तो नुसते रबराचे पाय ओढून पळतो. १० किंवा १२ नंबरचा गळ असलेला छोटा पॉपर घ्या (नंबर जितका मोठा तितका गळ बारीक), पाय कापून आखूड करा. आणि सारखं ओढत बसू नका! पॉपर पडला की पाण्यावरची वलयं विरेपर्यंत थांबा, मग एकच हलकासा झटका, परत थांबा. हा मासा आधी जवळ येऊन निरखून बघतो, मग चोखून आत घेतो. रॉडचं टोक पाण्याजवळ ठेवा, लाईन ढिली सोडू नका, पाणी उडालं म्हणून लगेच झटका मारायचा नाही, पॉपर दिसेनासा झाला की मगच लाईन ताणा. रॉड ३ किंवा ४ वेटचा (हा आकडा जितका कमी तितका रॉड हलका) असला की छोटा मासाही मजा देतो, ५ वेटचा असेल तर तोच चालवा, नवा घ्यायची काही गरज नाही.

मोठे हवे असतील तर पॉपर बाजूला ठेवा आणि छोटी निम्फ (पाण्यातल्या किड्याच्या पिल्लासारखं, बुडणारं आमिष) सावकाश खाली बुडू द्या, कारण वर धावतात ती बहुतेक पोरंटोरं, थोराड मासे बरेचदा त्यांच्या खाली असतात.

आता दुसरी गोष्ट. तुम्ही बास काढताय आणि ब्लूगिल सोडताय, म्हणजे बरोब्बर उलटं! ब्लूगिलची मादी एका वेळी हजारोंनी अंडी घालते, उन्हाळ्यात अनेकदा वीण होते, ती पिल्लं खाणारा बास कमी झाला की तळ्यात नुसती गर्दी होते, खाणं पुरत नाही आणि मासे वयाने वाढतात पण आकाराने खुंटतात. म्हणून थोडी वर्षं बास सोडून द्या आणि बोटभर, तळहाताएवढे ब्लूगिल बिनधास्त ठेवा, तळून छान लागतात.

मोठे नर मात्र परत सोडायचे, विशेषतः विणीच्या काळात. पाणी साधारण २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की काठाजवळच्या उथळ तळाशी ताटलीसारखे गोल खड्डे एकाशेजारी एक दिसतील, ती त्यांची घरटी. राखणदार नर तिथे काहीही टाकलं तरी अंगावर धावून येतो, त्यामुळे पकडणं फारच सोपं, पण तो काढला की बाकीचे मासे अंडी फस्त करतात आणि धाक गेला की बारके नर वाढायचं सोडून लवकर वयात येतात. म्हणजे तळं परत बारक्यांचंच! (मला विचाराल तर घरट्यांवर गळ टाकण्यात शिकार कसली.)

जास्तीचे मासे शेजारच्या ओढ्यात किंवा दुसऱ्या तळ्यात मात्र नेऊन सोडू नका. १९६० मध्ये शिकागोच्या महापौरांनी जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो यांना ब्लूगिल भेट दिले, ते पुढे तिथल्या पाण्यात पसरले, स्थानिक माशांना महागात पडलं, आणि सम्राट झाल्यावर अकिहितोंनी २००७ मध्ये त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली.

लायसन्सचं पण बघून घ्या, खाजगी तळं असलं तरी नियम राज्यागणिक वेगळे आहेत, मालकाला सूट असली म्हणून पाहुण्याला असेलच असं नाही. आणि मासा हातात घेताना हात ओला करून डोक्याकडून शेपटीकडे फिरवत पाठीवरचे काटे दाबून धरा, नाहीतर चांगलेच टोचतात.