सुरावटीच्या खाली काय चाललंय?

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

घरच्यांना पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकवायला बसलं की पाचव्या मिनिटाला गप्पा सुरू होतात, असं तू लिहिलंस. पण तू लावली होतीस बेटोव्हेनची नववी सिम्फनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची अनेक भागांची लांब रचना. ती तासाहून मोठी. पहिल्या बैठकीला दहा मिनिटांच्या आसपासची एकच रचना घे. मात्र अशा छोट्या रचनांकडे सिम्फनीपर्यंत जायची पायरी म्हणून बघू नकोस. त्या स्वतःत पूर्ण असतात, आणि माझ्या मते ऐकायला शिकवण्याचं काम त्यांच्याइतकं चांगलं दुसरं काही करत नाही.

आपला कान रागसंगीत, नाट्यपदं, अभंग यांवर वाढलेला. सुरावट तो चटकन पकडतो आणि तिच्याच मागे जातो. खाली तानपुऱ्याचा षड्ज स्थिर असतो, तिकडे वेगळं लक्ष द्यावं लागत नाही. ऑर्केस्ट्रात मात्र ती खालची जमीनच सतत हलत असते. तिकडे कान गेला नाही तर अर्धं संगीत निसटतं आणि उरलेलं एकसुरी वाटतं. घरच्यांचं नेमकं हेच होत असणार.

म्हणून सुरुवात देब्युसी या फ्रेंच संगीतकाराच्या ‘प्रेल्यूड टू द आफ्टरनून ऑफ अ फॉन’पासून कर. ती 1894 साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा वाजली आणि श्रोत्यांनी तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावली. ट्रम्पेट नाही, ट्रॉम्बोन नाही, टिम्पनी म्हणजे मोठे नगारेही नाहीत. आरंभी बासरी एकटी, साथीला कुणीच नाही. थोड्या वेळाने तीच ओळ परत येते, आरंभीचा स्वरही तोच. पण आता खाली तंतुवाद्यं हलकेच थरथरत असतात आणि त्या एका स्वराचा रंगच पालटतो. पुढच्या वेळी खाली हार्प असतो, बोटांनी छेडायचं मोठं तंतुवाद्य. आपल्याकडे गवई दर आवर्तनात नव्या वाटेने मुखड्यावर येतो; इथे मुखडा जवळपास तोच राहतो आणि त्याच्या पायाखालची जागा बदलते. बासरी परत आली की बासरी ऐकू नकोस, तिच्या खाली ऐक. तीन-चार वेळा ऐकल्यावर हे आपोआप व्हायला लागेल. शेवटाकडे लहानशा झांजा किणकिणतात, त्या इतक्या हळू की पंखा चालू असला तर ऐकू येणार नाहीत.

दुसरी रचना जर्मन संगीतकार मेंडेल्सोनची ‘हेब्रिडीज’. 1829 साली स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर फिरताना त्याला आरंभीची सुरावट सुचली आणि तिथूनच घरी धाडलेल्या पत्रात त्याने ती लिहून पाठवली. पुढे तीन वर्षं तो ही रचना दुरुस्त करत राहिला. मधल्या भागाला माशांच्या तेलाचा, समुद्रपक्ष्यांचा, खारवलेल्या माशाचा वास यायला हवा, पण त्याला काउंटरपॉइंटचाच, म्हणजे अनेक ओळी एकमेकींत गुंफण्याच्या शास्त्राचाच, वास जास्त येतो, अशी त्याची स्वतःची तक्रार होती. या रचनेत ओळ सुरू होते तीच खाली: ‘बसून’ नावाचं खर्जातलं फुंकवाद्य आणि व्हिओला, चेलो ही व्हायोलिनच्या कुळातली खालच्या सुरांची वाद्यं यांवर. छोटीशी ओळ पुन्हा पुन्हा येते आणि दरवेळी स्वरमेळ, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट, सरकतो. पुढे चेलो आणि ‘बसून’ एक लांब, वर चढत जाणारी सुरावट घेतात. ती मला साऱ्या रचनेत सर्वांत प्रिय आहे. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र यातलं काही हाती लागणार नाही, खर्ज तिथे उरतच नाही. बरे हेडफोन किंवा साधे स्पीकर घे.

आजोबांना सनई आवडते ना? त्यांच्यासाठी फिनलंडचा संगीतकार सिबेलियस याची ‘स्वॉन ऑफ टुओनेला’ लाव. त्यात कोर आंग्ले हे वाद्य जवळजवळ सबंध वेळ एकटं गातं. तेही सनईसारखंच दुहेरी पात्याचं.

आता ऐकवायचं कसं. एका बैठकीला एकच रचना, पण पूर्ण. पाच लिंक एकदम पाठवल्यास तर एकही उघडली जाणार नाही. गोष्ट आधी सांगू नकोस. फॉन कोण, टुओनेला कुठे, हे नंतर विचारलं तर सांग, नाहीतर माणसं कानाने ऐकायचं सोडून गोष्ट शोधत बसतात. त्याऐवजी एकच खूण दे: “बासरी परत येईल तेव्हा खाली काय वाजतंय ते बघ.” वाजत असताना त्यांच्या चेहऱ्याकडे पाहू नकोस आणि संपल्या संपल्या “कसं वाटलं?” विचारू नकोस. कुणी “परत लाव” म्हणालं तर तीच रचना लाव, नवी नको. आणि जिच्यातली खालची एखादी ओळ तुला स्वतःला गुणगुणता येत नाही, ती रचना इतक्यात कुणाला ऐकवू नकोस.

कधीतरी मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीएत (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया प्रत्यक्ष ऐक. तंतुवाद्याचा गज कोण उचलतंय हे दिसलं की कानाला खालची वाद्यं वेगळी करणं फार सोपं जातं. आईलाही ने. वेळेआधी पोहोचा, कारण छोटी रचना बहुधा पहिलीच असते आणि उशिरा येणाऱ्यांना ती संपेपर्यंत दाराबाहेर थांबावं लागतं.

तुझा,
काका