टाळल्याने मिळणारा दिलासा आणि आकसत जाणारे जग

(या अंकासाठी बडोद्याहून आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरणारी आहेत, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे छापलेली नाहीत.)

प्रश्न : मी ४४ वर्षांची असून मकरपुऱ्यातील एका कारखान्याच्या लेखा विभागात अनेक वर्षे काम करते. माझे काम चोख असते असे सगळेच म्हणतात. मात्र चार माणसांसमोर उभे राहून बोलायची वेळ आली की छाती धडधडते आणि घसा कोरडा पडतो. आमच्या बैठका गुजरातीत आणि इंग्रजीत होतात, घरी आम्ही मराठी बोलतो, त्यामुळे ऐनवेळी शब्द सुचणार नाही ही धास्ती वेगळीच. याच कारणाने मी एकदा बढती नाकारली आणि आता पुन्हा विचारणा झाली आहे. यजमानांच्या आग्रहावरून मी व्यक्तिमत्त्व विकासाच्या एका शिबिराला गेले. तिथे ‘कम्फर्ट झोनच्या बाहेर उडी मारा’ असे सांगून मला अचानक भरलेल्या सभागृहासमोर उभे केले आणि माझ्या तोंडून दोन वाक्येही फुटली नाहीत. तेव्हापासून मी साध्या बैठकीतही गप्प बसते आणि रविवार संध्याकाळपासूनच मन उदास होते. माझा स्वभावच असा आहे. या वयात तो काय बदलणार?

उत्तर : ताई, शिबिरात जे घडले त्याचा दोष तुमच्या स्वभावाकडे जात नाही, हे मला सर्वांत आधी सांगावेसे वाटते. ज्या माणसाला आठ जणांच्या बैठकीत बोलणे जड जाते, त्याला काही तयारी न करवता शेकडो अनोळखी चेहऱ्यांसमोर उभे करणे हा उपचार नव्हे. अशा प्रसंगातून मनाने जो धडा घेतला तो ‘मी बोलू शकत नाही’ हाच होता आणि त्या परिस्थितीत दुसरा धडा निघणे कठीणच होते.

आता तुमच्या बढतीकडे वळू. ती नाकारली त्या दिवशी तुम्हाला हायसे वाटले असणार, आणि अडचण नेमकी त्या हायसे वाटण्यात आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ होबार्ट माउरर यांनी १९४७ मध्ये या गोष्टीची उकल मांडली होती : एखाद्या प्रसंगाची भीती एकदा मनात बसली की तो प्रसंग टाळल्याबरोबर ती उतरते, हा दिलासा मनाला बक्षिसासारखा वाटतो आणि म्हणून पुढच्या वेळी टाळण्याची ओढ अधिक प्रबळ होते. शिवाय, टाळलेल्या प्रसंगात प्रत्यक्षात काय झाले असते हे कधीच कळत नसल्यामुळे भीती खोटी ठरण्याची संधीही हुकते. तुमच्या बाबतीत आधी बढती सुटली, मग बैठकीतले बोलणे सुटले आणि आता रविवारची संध्याकाळही भीतीच्या ताब्यात गेली आहे. तुमची उदासी मला या आकसण्यातून आलेली दिसते, कारण ज्या कामात आपण वाकबगार आहोत त्याच कामात रोज मागच्या रांगेत बसावे लागणे हे मनाला आतून पोखरणारे असते.

मग उडी मारा म्हणणाऱ्यांचे बरोबर आहे का? अर्धेच बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागामुळे पुष्कळांचे नुकसान होते असे माझे स्पष्ट मत आहे. या सल्ल्याच्या पाठीशी अनेकदा मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांच्या १९०८ मधील प्रयोगाचा दाखला दिला जातो. तो प्रयोग उंदरांवर झाला होता. काळ्या-पांढऱ्या खोक्यांतला फरक ओळखायला शिकवताना त्यांना विजेचे लहानमोठे झटके देण्यात आले. फरक ओळखणे सोपे होते तेव्हा जोराच्या झटक्याने शिकणे वेगाने झाले. तो ओळखणे अवघड होते तेव्हा मध्यम झटकाच उपयोगी पडला आणि त्याहून जोराच्या झटक्याने शिकणे मंदावले. उंदरांच्या शिकण्यावरून माणसाच्या समाधानाविषयी फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. परंतु जे काम आपल्याला मुळातच अवघड जाते त्यात ताण बेताचा असावा, एवढे तरी त्या प्रयोगातून निघते आणि शिबिरातल्या सक्तीला त्याचा आधार मुळीच मिळत नाही. भीतीवरच्या उपचारातही हेच दिसते. मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत रुग्ण आपल्या भीतीच्या प्रसंगांची सर्वांत सौम्य प्रसंगापासून सर्वांत कठीण प्रसंगापर्यंत यादी करतो आणि खालची पायरी पचल्याशिवाय वरची चढत नाही. पुढच्या काळात या पद्धतीत बरेच बदल झाले, तरी पायरीपायरीने सामोरे जाण्याचे तत्त्व आजही उपचारांत वापरले जाते.

बडोद्यात राहणाऱ्या वाचकाला याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातला मुलगा १८७५ मध्ये दत्तक म्हणून बडोद्याच्या गादीवर आला, ही गोष्ट सयाजीरावांच्या धाडसाची गोष्ट म्हणून भाषणांतून सांगितली जाते. पण कारभाराचे पूर्ण अधिकार त्यांना १८८१ मध्ये मिळाले, आणि मधली वर्षे अक्षरओळखीपासून राज्यकारभारापर्यंतच्या शिक्षणात गेली, ही बाजू सांगायची राहून जाते. त्या मुलाला पहिल्याच दिवशी दरबारात उभे करून निर्णय द्यायला कोणी सांगितले नव्हते.

तुमच्या पत्रातले ‘माझा स्वभावच असा आहे’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. आधी मनोधारणा बदलायची आणि मग कृती करायची, असा क्रम तुम्ही गृहीत धरलेला दिसतो, आणि धारणा बदलत नाही म्हणून कृती थांबली आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये माणसाच्या स्वक्षमतेवरील विश्वासाचे स्रोत मांडले, तेव्हा त्यांत सर्वांत वरचे स्थान स्वतः एखादी गोष्ट पार पाडल्याच्या अनुभवाला दिले. दुसऱ्याने केलेले पाहणे किंवा दुसऱ्याने समजावणे यांचा प्रभाव त्याहून कमी पडतो. म्हणूनच ‘मला जमेल’ असे स्वतःला बजावत बसण्यापेक्षा जमेल एवढी लहान गोष्ट करून पाहणे अधिक परिणामकारक असते. धारणा तिच्यामागून येते, आणि ती सावकाश येते.

सुरुवात कुठून करावी हे तुमचे तुम्हीच ठरवायचे आहे, तरीही एक मार्ग सुचवते. तुम्ही तयार केलेला एखादा ताळेबंद विभागातल्या एकाच सहकाऱ्याला, त्याच्या टेबलाशी बसून, गुजरातीत समजावून सांगा. तेच दोघा-तिघांना सांगा. पुढे आठवड्याच्या बैठकीत आधी लिहून ठेवलेला एकच प्रश्न विचारा, आणि काही आठवड्यांनी आपल्या विभागाचे आकडे पाच मिनिटांत मांडण्याची जबाबदारी मागून घ्या. प्रत्येक पायरीवर एकदा करून सोडून देऊ नका. धडधड पहिल्यापेक्षा कमी झाल्याचे किंवा ती असतानाही काम नीट होत असल्याचे लक्षात येईपर्यंत तीच पायरी पुन्हा करा. धडधड पूर्णपणे थांबण्याची वाट मात्र पाहू नका, कारण सभेत सराईतपणे बोलणाऱ्या कितीतरी लोकांची छातीही सुरुवातीला धडधडतेच.

यासोबत एक वही ठेवा. बोलण्यापूर्वी तिच्यात ‘काय होईल असे मला वाटते’ ते अगदी नेमक्या शब्दांत लिहा. ‘वाईट होईल’ असे मोघम न लिहिता ‘मी मध्येच अडकेन आणि लोक हसतील’ असे लिहा. परत आल्यावर काय झाले तेही तेवढ्याच प्रामाणिकपणे लिहा. भाकीत आणि घटना यांतले अंतर स्वतःच्या अक्षरात वाचायला मिळाले की मन आपला जुना समज सोडू लागते. कागदावरून नजर न हटवणे, घाईघाईने बोलून मोकळे होणे, कोणी प्रश्न विचारू नये म्हणून मुद्दाम शेवटी बोलणे, अशा बचावाच्या सवयींकडेही लक्ष ठेवा. त्या तेवढ्यापुरता आधार देतात, पण प्रसंग निभावल्याचे श्रेय तुमच्याऐवजी त्यांनाच मिळते. आणि शब्द अडला तर ‘ह्याला गुजरातीत काय म्हणतात?’ असे सरळ विचारा. बडोद्याच्या कार्यालयांत भाषांची सरमिसळ रोजचीच आहे, त्यामुळे असे विचारण्यात कमीपणा नाही.

बढतीबाबत लगेच होकार किंवा नकार देण्याऐवजी वरिष्ठांकडे दोन-तीन महिन्यांची मुदत मागा आणि त्या काळात आकडे मांडण्याचे काम तुमच्याकडे द्यावे असे सुचवा. नंतर माणसे सांभाळण्याचे काम आपल्याला आवडत नाही असे तुम्ही ठरवलेत, तर तो नकारही योग्यच असेल. तुमची उदासी दिवसाचा बहुतेक वेळ टिकत असेल, दोन आठवड्यांहून जास्त चालली असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर मात्र वहीवर विसंबू नका. सयाजी रुग्णालयातील मनोविकार विभागात किंवा आपल्या विश्वासातल्या डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही विनामूल्य आहे.

प्रश्न : माझे वय ६९. पत्नीच्या निधनाला दीड वर्ष झाले. सकाळी कमाटीबागेत फिरणे, दुपारी वाचन आणि संध्याकाळी पेटीवर थोडा रियाज, असा माझा ठरलेला दिवस आहे. पुण्यातील मुलांचे म्हणणे असे की बाबा कम्फर्ट झोनमध्ये अडकले आहेत, त्यांनी नवे काही करावे. मी खरोखर चुकतो आहे का?

उत्तर : नाही, काका. एवढा मोठा आघात सोसलेल्या माणसाला ठरलेल्या वेळी उठवणारा, बाहेर नेणारा आणि सुरांपाशी बसवणारा दिनक्रम ही मोठी मिळकत आहे, आणि केवळ ती ओळखीची आहे म्हणून मोडू नये. सुखकर सवय वाईटच असते हा समज अलीकडे फार बोकाळला आहे आणि तो मला मान्य नाही. तुमच्या पत्रातली एक ओळ मात्र मनात राहिली. दांडिया बाजारातल्या ओळखीच्या मंडळींसोबत पूर्वी दोघे मिळून नाटकांना जायचात, आता एकट्याने जाणे नको वाटते म्हणून तुम्ही बोलावणे टाळता, असे तुम्ही लिहिले आहे. बाकीचा दिवस तुम्ही आवडीने निवडला आहे. हा एक नकार आवडीतून आलेला नाही, तो रिकाम्या खुर्चीच्या धास्तीतून आला आहे. पुढचे बोलावणे येईल तेव्हा जा, पहिल्या वेळी मध्यंतरापर्यंतच थांबा, आणि डोळे भरून आले तर येऊ द्या. मुलांनाही हे सांगा, म्हणजे त्यांची काळजी योग्य ठिकाणी पोहोचेल.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. लहानपणापासून सगळे तिला ‘हुशार’ म्हणतात आणि ती वर्गात पहिली येते. पण आता हरण्याच्या भीतीने ती वक्तृत्व स्पर्धा, चित्रकला परीक्षा सगळेच नाकारते. आग्रह केला तर रडते. काय करावे?

उत्तर : मानसशास्त्रज्ञ क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या वयाच्या मुलांना काही कोडी सोडवल्यावर शाबासकी दिली, काहींना ‘तू हुशार आहेस’ असे म्हटले, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असे. हुशारीची शाबासकी मिळालेल्या मुलांचा कल पुढे सोप्या कामाकडे झुकला आणि अपयश आल्यावर त्यांची चिकाटी व आनंद दोन्ही अधिक घसरले. तुमच्या मुलीलाही ‘हुशार’ हे बिरूद सांभाळायचे आहे, आणि प्रत्येक स्पर्धा तिला ते हिरावून घेणारी वाटते आहे.

शाबासकीचे शब्द बदलल्याने चमत्कार होतो असे मात्र समजू नका. २०१९ मध्ये अमेरिकेतील नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बुद्धी सरावाने वाढू शकते हे शिकवल्याचा त्यातला लाभ खरा होता, पण लहान होता आणि प्रामुख्याने अभ्यासात मागे असलेल्या मुलांना झाला. तुमच्या मुलीसाठी घरातले वातावरण अधिक महत्त्वाचे आहे. निकाल विचारण्याआधी तिने काय केले आणि कुठे अडली ते विचारा, नातेवाइकांसमोर तिच्या पहिल्या क्रमांकाची जाहिरात थांबवा, आणि ज्यात क्रमांकच नसतो असे काहीतरी, जसे की पोहणे किंवा आजीकडून एखादा पदार्थ शिकणे, तिला तुमच्यासमोर चुकत चुकत करू द्या. वक्तृत्व स्पर्धेचा आग्रह या वर्षी सोडा. ती आपणहून तयार झाली, तर पहिले भाषण घरातल्या दोघा-तिघांसमोर होऊ द्या आणि ते संपल्यावर, कसे झाले हे आधी तिलाच सांगू द्या.