बडोद्यात मैत्रिणीकडे दोन दिवस: शनिवारी केवडिया आणि रविवारी शहर, हा बेत योग्य आहे का?

आपण विचारले आहे की मैत्रीण नोकरीनिमित्त बडोद्यात राहते, तिच्याकडे शनिवार-रविवार जायचे आहे, शहरात पाहण्यासारखे विशेष काही नाही असे ऐकले आहे, तेव्हा शनिवारी केवडियाचा सरदार पटेलांचा पुतळा आणि रविवारी राजवाडा एवढे केले तर पुरे होईल का, आणि खाण्यात काय चुकवू नये. माझे उत्तर असे की हा बेत करू नका. बडोदे दोन दिवसांतही पुरे पाहून होत नाही, आणि मैत्रिणीचे घर म्हणजे केवडियाला जाता-येता पाठ टेकण्याची जागा नव्हे.

‘विशेष काही नाही’ हे शब्द मला लागतात, कारण ते मी माझ्याच घरात, माझ्या आईसमोर ऐकलेले आहेत.

माझे पणजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीसाठी सातारा जिल्ह्यातून इकडे आले आणि तेव्हापासून आमचे कुटुंब रावपुऱ्यामागच्या गल्ल्यांत राहते. शिक्षणासाठी मी दोन वर्षे पुण्याच्या एका वसतिगृहात होते. तिथे माझ्या खोलीत राहणारी मुलगी माझी जिवलग मैत्रीण झाली, आणि जिवलग असूनही तिने माझ्या मराठीची थट्टा कधी सोडली नाही. मी खिडकीला ‘बारी’ म्हणते आणि कपाटाला ‘कबाट’, हे ती चारचौघांत सांगत असे. तुमचे मराठी म्हणजे गुजराती शब्दांना लावलेले मराठी प्रत्यय, असे तिचे ठाम मत होते. मी तेव्हा उलट बोलले नाही, याची खंत मला पुढे कितीतरी वर्षे राहिली.

लग्ने, नोकऱ्या, मुले यांत वीस-बावीस वर्षे गेली आणि एका डिसेंबरात ती दोन दिवसांसाठी आमच्याकडे आली. मी आठवडाभर आधीपासून कोणत्या गल्लीतून कुठे न्यायचे ते ठरवून ठेवले होते. स्टेशनवर उतरल्याउतरल्या तिने सांगितले की शनिवारची केवडियाची तिकिटे तिने पुण्याहूनच काढून आणली आहेत. मी काही बोलले नाही. केवडियाची गाडी यायला तासभर वेळ होता म्हणून तिला सेव-उसळ खायला नेले, तर दुसऱ्याच घासाला ती म्हणाली, “ही मिसळच आहे, फक्त बिघडवलेली.”

हा आरोप मी आजही मान्य करत नाही. मिसळीचा जीव मोडाच्या मटकीत आणि वरच्या फरसाणात असतो. सेव-उसळीत पांढरे वाटाणे शिजवून दाट केलेले असतात, वर नुसती शेव पडते, आणि तिखटपणा ज्याचा त्याने ठरवायचा असतो, कारण लालभडक तर्री वेगळी मिळते आणि खाणारा ती हवी तेवढी ओतून घेतो. थंडीत वर लसणाची कोवळी हिरवी पात येते, जी मिसळीत मी कधी पाहिली नाही. दोन्ही पदार्थ एकाच घरातल्या दोन बहिणींसारखे असतील, परंतु एक बहीण म्हणजे दुसरीची बिघडलेली प्रत नव्हे. शेवटी पातळ झालेला रस पावाने पुसून घ्यावा. चमच्याने खाणाऱ्याला सेव-उसळ कळत नाही.

केवडिया आमच्यापासून सुमारे ९० किलोमीटर आहे. जायला दोन तास, यायला दोन तास, आणि तिथे दर्शक दालनाची रांग, संग्रहालय, खालची बाग. सकाळी साडेसातला निघालेलो आम्ही रात्री साडेनऊला परतलो. पुतळ्याविषयी माझ्या मनात अढी नाही. १८२ मीटर उंचीची ती मूर्ती समोर उभे राहून पाहताना मान अवघडते, आणि तिचे शिल्पकार राम सुतार आपल्या धुळे जिल्ह्यातले, याचा मला अभिमानच वाटतो. परंतु त्या दिवशी माझ्या आईने दुपारपासून उंधियो आणि पुरणपोळी अशी गुजराती-मराठी दोन्ही घरांची पंगत मांडून ठेवली होती, आणि आम्ही महामार्गावर काहीबाही खाऊन आलो होतो. आईने सगळे पुन्हा गरम केले. मैत्रिणीने दोन घास घेतले. जेवता जेवता आई म्हणाली, “बारी लावून घे गं, गारठा येतोय.” त्यावर मैत्रीण हसून म्हणाली, “काकू, बारी नाही, खिडकी म्हणायचं.” आणि मग तिने विचारले की उद्या गाडी दुपारची आहे, तोवर काय करायचे, कारण शहरात तर विशेष काही नाही. आई हसली, उठून खिडकी लावली आणि त्या रात्री फारसे बोलली नाही. सत्तर वर्षे जी भाषा तिने या गावात वापरली, ती स्वतःच्या स्वयंपाकघरात कुणी दुरुस्त करील असे तिला वाटले नव्हते.

रविवारी सकाळी मी ठरवलेला सगळा क्रम बाजूला ठेवला आणि तिला चालत कमाटीबागेत नेले. पाट्यांवर सयाजीबाग असे लिहिलेले असते, आम्ही सगळे कमाटीबागच म्हणतो. विश्वामित्रीच्या काठची ही बाग १८७९ सालची आहे. लोक तिथे मुलांना संग्रहालयातला प्रचंड देवमाशाचा सांगाडा व इजिप्तची ममी दाखवायला नेतात, आणि ते योग्यच आहे. मी मात्र तिला आधी संकल्पभूमीवरच्या, म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या आठवणीशी जोडलेल्या जागेवरच्या, वडाकडे नेले.

ती महाविद्यालयात शिकवते, त्यामुळे मला फार सांगावे लागले नाही. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेला गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर करारानुसार १९१७ च्या सप्टेंबरात नोकरीसाठी बडोद्यास आले. या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत ते नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडे त्यांनी आसरा मागितला, दोघांनी तो टाळला, आणि मुंबईच्या रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते या कमाटीबागेत बसून राहिले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. मैत्रिणीने तो मजकूर वर्गात शिकवला होता. तो ज्या बागेत घडला ती माझ्या घरापासून चालत पाव-अर्ध्या तासावर आहे, हे मात्र तिच्या कधी ध्यानात आले नव्हते. ती वडाजवळ बराच वेळ उभी राहिली, आणि मग म्हणाली, “काल सकाळीच का नाही आणलंस मला इथे?”

बडोद्याचा अभिमान बाळगणारी माणसे, आणि त्यांत मीही आले, सयाजीरावांच्या गोष्टी फार सांगतात: नाशिककडच्या कवळाण्याचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसला, १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले, १९०६ मध्ये ते सगळ्या राज्यात नेले. हे सर्व खरे आहे. त्याच राजाच्या राजधानीने त्याच राजाच्या विद्यार्थ्याला खोली दिली नाही, हेही खरे आहे. माझ्या मते बडोदे पाहायचे तर या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी पाहाव्यात, आणि त्यासाठी कमाटीबागेतून सुरुवात करावी, राजवाड्यातून नव्हे.

तिथून आम्ही रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात गेलो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा चार मजली लाकडी वाडा. आतल्या भिंतींवर चित्रेच चित्रे आहेत: कृष्णाच्या लीला, महाभारतातले प्रसंग, मराठ्यांच्या आणि इंग्रजांच्या लढाया, मधूनच युरोपीय पोशाखातल्या स्त्रिया. मराठी वाडा, गुजराती लाकूडकाम आणि भिंतींवर सगळ्यांची सरमिसळ. मैत्रिणीला मी तिथेच सांगितले की, आमच्या भाषेतही असेच झाले आहे आणि त्याला बिघाड म्हणत नाहीत. मराठी साहित्य संमेलन १९०९ मध्ये आणि १९३४ मध्ये इथे भरले, ९१वे संमेलन २०१८ मध्ये पुन्हा इथेच भरले. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले. ज्या गावाने एवढे मराठी जपले, त्या गावातल्या बाईने खिडकीला बारी म्हटले म्हणून तिचे मराठी उणे होत नाही. इतक्या वर्षांचे उत्तर मी त्या जिन्यात उभे राहून दिले. तिने ऐकून घेतले, आणि घरी जाऊन आईजवळ बसली. दोघींत काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. निघताना मात्र आईने तिच्या पिशवीत लिला चिवडा घातला आणि ती आईच्या पाया पडली.

आता आपल्या प्रश्नाकडे येते. शनिवारी सकाळी सेव-उसळ, मग कमाटीबाग आणि संग्रहालय, दुपारी मैत्रिणीच्या घरी जेवण, आणि उन्हे उतरल्यावर जुने शहर पायी. मांडवीच्या चौकात उभे राहिले की चार दिशांना चार रस्ते आणि त्यांच्या टोकांना लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडी हे दरवाजे, एवढ्यात जुन्या गावाचा नकाशा डोक्यात बसतो. सूरसागर तळे आणि पूर्वी जिथे न्यायालय भरत असे ते न्यायमंदिर तिथून जवळच आहे. रविवारी लक्ष्मी विलास राजवाडा पाहावा. १८९० मध्ये पूर्ण झालेल्या या वाड्याचा आराखडा मेजर मँट यांचा, आणि त्यांच्या मृत्यूनंतर काम चिझम यांनी तडीस नेले. आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयातली राजा रविवर्म्याची मूळ चित्रे घाई न करता पाहावीत. कॅलेंडरांवर आणि देवघरांत आपण आयुष्यभर ज्या देवता पाहिल्या, त्यांचे मूळ रंग किती शांत आहेत ते तिथे कळते. कीर्ती मंदिरातली नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे अनेक बडोदेकरांनीही पाहिलेली नसतात. ती उघडी मिळाली तर सोडू नका.

ग्रंथांची आवड असेल तर मध्यवर्ती ग्रंथालय माझ्या लेखी राजवाड्याच्या वर आहे. महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून राज्यभर ग्रंथालये उभारली. पेट्यांतून पुस्तके खेड्यांत फिरत असत. मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांमधली जमीन जाड काचेची आहे, म्हणजे वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत पोहोचतो. रविवारी तिथे भरवसा ठेवू नका, शनिवारीच जा, आणि आत जाण्याआधी परवानगी विचारा.

खाण्याबद्दल थोडक्यात सांगते. लिला चिवडा बटाटा आणि हरभऱ्याच्या डाळीचा असतो, ओलसर, गोड-तिखट. महाराष्ट्रातल्या पोह्यांच्या चिवड्याशी त्याची तुलना करू नका. तो फार दिवस टिकत नाही म्हणून निघण्याच्या दिवशीच घ्या. दुलीरामचे पेढे घ्यावेत. रविवारी सकाळी फाफडा-जिलेबी हवी तर लवकर उठावे लागेल. थंडीचे दिवस असतील आणि मैत्रिणीच्या घरी कुणी उंधियो करणार असेल, तर त्या वेळी बाहेर कुठेही जेवू नका. आणि त्या घरातले शब्द वेगळे वाटले तर ऐकून घ्या, दुरुस्त करू नका.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. एप्रिल-मे मध्ये दुपारी पायी फिरण्याचा विचारही करू नये. माझा सगळा बेत नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा आहे. पावसाळ्यात विश्वामित्रीला पूर येतो आणि तिच्यात मगरी आहेत, तेव्हा नदीच्या काठाशी जाऊ नका. सोबत लहान मुले किंवा पायांनी अधू माणसे असतील तर तांबेकर वाड्याचे अरुंद जिने त्रास देतील. केवडियाला जायचेच असेल तर मी अडवणारी कोण. पण राजवाडा आणि पुतळा दोन्ही सोमवारी बंद असतात, त्यामुळे सोमवारची रजा उपयोगाची नाही. शुक्रवारची रजा मिळत असेल तर शुक्रवारी परस्पर केवडिया करून रात्री मैत्रिणीकडे या, आणि जेवायला किती वाजता पोहोचाल ते तिला सकाळीच कळवा.