बूनच्या वाटेने आलेला माणूस

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या आईकडचा मूळपुरुष डॅनियल बून या नामांकित अमेरिकन वाटाड्याबरोबर कंबरलँड गॅप ही डोंगरातली खिंड ओलांडून केंटकीत आला, तिघे भाऊ होते, एकाने चेरोकी या तिथल्या मूळ जमातीतल्या राजकन्येशी लग्न केलं, असं आजी सांगते. आणि तुला त्याचा पुरावा हवाय. जपून हं. पुरावाच हवा म्हणून निघालं की तो मिळतोच, फक्त दुसऱ्याच कुणाचा तरी असतो.

आधी आजीजवळ बस. ही गोष्ट तिला कुणी सांगितली? तेव्हा ती केवढी होती? बून, तीन भाऊ, राजकन्या ही मंडळी तिकडच्या निम्म्या घरांत भेटतात. चेरोकींमध्ये राजघराणंच नव्हतं, तर राजकन्या कुठली? १७७५ साली बूनबरोबर झाडं तोडत वाट काढणारे जेमतेम तीस जण. पुढे त्याच वाटेने हजारो कुटुंबं गेली. ‘बूनच्या वाटेने आले’चं दोन पिढ्यांत ‘बूनबरोबर आले’ व्हायला कितीसा वेळ लागतो? म्हणून मी मोठ्या नावांकडे फारसं बघत नाही. आजीच्या तोंडून एखाद्या ओढ्याचं नाव निघालं, तर ते मात्र लगेच लिहून घे. ओढ्याचं नाव मिरवायला कुणी रचत नाही.

मग आजीपासून एकेक पिढी मागे जा, उड्या मारू नकोस. १८५०च्या जनगणनेत प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव पहिल्यांदा आलं. त्याआधी नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकीचे वयाच्या रकान्यातले आकडे. केंटकीची १७९० आणि १८००ची जनगणना तर उरलेलीच नाही. नेमकी तुला हवी होती तीच.

बाबांच्या घराण्याची नामावळ नाशिकला क्षेत्रोपाध्यांच्या वहीत एका सकाळीत निघाली, तसं इथे का नाही, असं तू विचारलंस. इथली वही म्हणजे कराच्या याद्या. वर्षागणिक वाच, एकही वर्ष गाळू नकोस. घरात एकवीस वर्षांवरचे गोरे पुरुष किती, घोडे किती, जमीन किती एकर आणि कुठल्या ओढ्याकाठी, हे सगळं त्यात असतं. पुरुष एकाचे दोन झाले, तर बहुतेक मुलगा एकविसाचा झाला. नाव गेलं आणि पुढच्या वर्षी तेवढीच जमीन, तेवढेच घोडे एखाद्या बाईच्या नावावर दिसले, तर तिचा नवरा वारला असं धरून मृत्युपत्रं आणि मालमत्तेच्या याद्या उघड. काही याद्यांत तारखा असतात; एकाच दिवशी नोंदलेले बहुधा शेजारी. त्याच रकान्यांत गुलामांचे आकडेही असतील. आजीच्या गोष्टीत ती माणसं नाहीत. तरी उतरवून घे.

कौंटीचं, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याचं, भान ठेव. केंटकी १७९२पर्यंत व्हर्जिनियात होतं. १७८० साली तिथे तीन कौंट्या होत्या, आज १२० आहेत. माणूस जागचा हलत नाही, कौंटी बदलते. आणि जुने कागद जुन्या कौंटीतच राहतात.

जमिनीच्या कागदांपाशी मात्र मुक्काम कर. हद्दी झाडांवरून सांगायचे: पांढऱ्या ओकपासून अमुक काठ्या, तिथून साखर-मेपलपर्यंत. त्यामुळे एकाच जमिनीवर तिघातिघांचे दावे. बून स्वतः मोजणी करायचा, तरी त्याचे दावे बुडाले आणि १७९९ साली तो मिसुरीला निघून गेला. या भांडणांचा आपल्याला फायदाच. कोर्टात म्हातारे साक्ष द्यायचे: मी अमुक साली आलो, बरोबर अमुक होते, त्या झऱ्याशी तमक्याची झोपडी होती. आपल्याकडे वतनाच्या तंट्यांमुळे महजर, म्हणजे साक्षी नोंदवलेले निवाडे, लिहिले गेले, तसंच हे. मोजणीच्या कागदावर साखळी धरणाऱ्यांचीही नावं असतात. ते पुष्कळदा मेहुणे, पुतणे निघतात. त्यांना सोडू नकोस. लोक घोळक्याने यायचे. तुझ्या माणसाचं मूळ गाव त्याच्या कागदांत नसेल, तर शेजाऱ्याच्या कागदांत असेल.

बायकोचं नाव बहुतेकदा जमीन विकतानाच दिसतं. नवऱ्याच्या जमिनीवरचा हक्क ती सोडायची, आणि तेव्हा तिला बाजूला घेऊन विचारायचे, कुणाच्या दबावाखाली तर सोडत नाहीस ना?

तो अमेरिकेच्या क्रांतियुद्धात लढला असेल आणि १८३२पर्यंत जगला असेल, तर तुझं नशीब. त्या वर्षीच्या कायद्याखाली पेन्शन मागणाऱ्याला कोर्टात स्वतःची हकीगत सांगावी लागे: जन्म कुठे, कुणाच्या हाताखाली लढलो, नंतर कुठे कुठे राहिलो.

माझी फजितीही सांगतो. एकाच कौंटीत एकाच नावाचे ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ दिसले, मी बापलेक धरून मोकळा झालो. दोन वर्षं त्या ‘बापा’चे पूर्वज गोळा केले. त्या काळी सीनियर म्हणजे दोघांतला वयाने मोठा, एवढंच. नातं असायलाच हवं असं नाही. एका करयादीत दोघांचे ओढे वेगळे दिसले तेव्हा डोळे उघडले. ती फाइल अजून कपाटात आहे.

आजीला ओढ्याचं विचार आणि १८५०चं पान मला पाठव. शेजारच्या दहा घरांसकट पाठव, नुसतं आपलं घर कापून नको.

तुझा,
काका