निर्यातीचा पैसा शहरात किती मुरतो?

प्रश्न : चाकणजवळ माझी खानावळ आहे. मी परदेशात काहीच विकत नाही. मग निर्यात वाढली काय किंवा घटली काय, माझा तिच्याशी काय संबंध? (एक वाचक, महाळुंगे)

उत्तर : पुण्याजवळच्या चाकणच्या वाहन कारखान्यात दुसऱ्या पाळीला जाणारा कामगार तुमच्याकडे महिन्याचे पैसे भरतो, तेव्हा ते मूळचे आफ्रिकेतल्या दुचाकीस्वाराचे किंवा मेक्सिकोतल्या मोटार घेणाऱ्याचे असू शकतात. एकाच शहरातल्या लोकांनी एकमेकांना चहा पाजला आणि एकमेकांची दाढी केली, तर पैसा या खिशातून त्या खिशात फिरतो. त्यात भर पडायला बाहेरचे गिऱ्हाईक लागते. (या हिशेबात नागपूरला विकलेला मालही पुण्याच्या दृष्टीने निर्यातच ठरतो, पण तो सीमाशुल्काच्या कागदांत दिसत नाही.) बाहेरून आलेला पैसा पगारातून खोलीभाड्यात, किराण्यात, मुलांच्या शिकवणीत आणि तुमच्या डब्यात उतरतो. अर्थतज्ज्ञ एन्रिको मोरेट्टी यांनी २०१० मध्ये अमेरिकी शहरांसाठी मांडलेल्या अंदाजानुसार, कारखान्यातल्या एका नव्या नोकरीमागे त्याच शहरात सुमारे १.६ स्थानिक नोकऱ्या तयार होतात. हे प्रमाण चाकणला जसेच्या तसे लावू नये, कारण आपल्याकडे पगारातला बराच भाग मनिऑर्डरीच्या काळापासून गावाकडे जातो आणि आता तो मोबाइलवरून जातो, एवढाच फरक.

प्रश्न : ज्या शहराची निर्यात रुपयांत मोठी, तिथे रोजगारही मोठा, असे समजायचे का? (विद्यार्थिनी, ठाणे)

उत्तर : नाही, आणि या एका गैरसमजामुळे अनेक चर्चा भरकटतात. जामनगरच्या तेलशुद्धीकरणातून प्रचंड किमतीचे इंधन परदेशी जाते, परंतु त्यासाठी लागणारे कच्चे तेल बहुतांशी आयात केलेले असते आणि कामाला त्या मानाने माणसे थोडी लागतात. अंधेरीतल्या सीप्झचे उदाहरण वेगळे आहे. हे निर्यात क्षेत्र १९७३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्ससाठी सुरू झाले आणि पुढे दागिन्यांसाठी प्रसिद्ध झाले. अंगठीच्या किमतीत सोन्याचा आणि खड्यांचा वाटाच मोठा, त्यामुळे मुंबईच्या पदरात किमतीचा लहान तुकडा पडतो. मात्र तो तुकडा म्हणजे जवळजवळ निव्वळ मजुरी असते. भिंगाखाली एकेक खडा कोंदणात बसवणारा कारागीर आणि सोन्याचा कीस वाया जाऊ नये म्हणून त्याच्या टेबलाखाली लावलेला खण पाहिला की हे लगेच ध्यानात येते. पुण्याच्या हिंजवडीतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत तर कच्चा मालच नसतो. २०२४-२५ मध्ये भारताची वस्तूंची निर्यात सुमारे ४३७ अब्ज डॉलर, तर सेवांची सुमारे ३८७ अब्ज डॉलर होती. सॉफ्टवेअरमध्ये खर्चाचा मुख्य भाग पगारच असल्याने ही निर्यात शहरात सर्वांत लवकर मुरते आणि तितक्याच लवकर घरभाडीही चढवते. म्हणून निर्यातीची एकूण किंमत विचारण्याआधी त्यातले किती शहरात राहिले, हे विचारावे.

प्रश्न : मी केलेले सुटे भाग एक मोठी कंपनी परदेशी पाठवते. मी स्वतः निर्यात सुरू करावी का? (जॉबवर्क करणारा उद्योजक, भोसरी)

उत्तर : आयात-निर्यात कोड काढणे सोपे आहे. खेळते भांडवल उभे करणे अवघड आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत असा कायदा असूनही तुमची बिले थकत असतील, तर न्हावाशेवाहून निघालेला कंटेनर पोहोचून पैसे येईपर्यंतचा काळ तुम्हाला झेपेल का, हे आधी पाहा. ईसीजीसी या सरकारी निर्यात-विमा कंपनीचा विमा ग्राहकाने पैसे बुडवल्यास उपयोगी पडतो, उशीर मात्र तुम्हालाच सोसावा लागतो.

प्रश्न : परदेशी ग्राहकावर विसंबणे धोक्याचे नाही का? (एक वाचक, तळेगाव दाभाडे)

उत्तर : धोक्याचे आहे, आणि त्याचा दाखला तुमच्याच गावात आहे. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली, तरीही तळेगावचा कारखाना डिसेंबर २०२० पर्यंत केवळ निर्यातीवर चालला. निर्यातीने कामगारांना तीन वर्षे दिली, पण पुढचा निर्णय गावाच्या हाती नव्हता. पुढे ती जागा ह्युंदाईने घेतली. २०२३ मध्ये नायजेरियाचे चलन कोसळले, तेव्हा तिथली दुचाकींची मागणी आटली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लावले, त्याची झळ दागिन्यांना बसली. अशा वेळी आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग ठेकेदाराची माणसे कमी होतात आणि कायम कामगारांचा क्रमांक शेवटी लागतो. वरच्या खानावळवाल्यांना ही चाहूल सरकारी आकड्यांच्या कितीतरी आधी लागते, कारण रात्रीचे डबे घटतात. त्यावर तोडगा एकच दिसतो : ग्राहक चार देशांत विखुरलेले असावेत आणि देशातली विक्रीही चालू ठेवावी.

प्रश्न : रुपया घसरला की निर्यातदारांची चांदी होते ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : थोडीच. ज्याचे पोलाद आणि मजुरी इथली, त्याला खरा लाभ होतो. डॉलर मोजून सोने आणणाऱ्याला फक्त मजुरीपुरताच होतो. शिवाय परदेशी खरेदीदारही वर्तमानपत्र वाचतो आणि पुढच्या करारात भाव पाडून मागतो.